नवीन जिम लावलीय? आधी सहा महिने फुल बॉडी करा, स्प्लिटचं नंतर बघू

सोलापुरात कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सातला गेलात तर दारातच एक प्रश्न कानावर येतो, "आज काय मारायलास बे?" आणि सोमवार असला तर उत्तर ठरलेलं, चेस्ट. सोमवारी अख्ख्या गावाचा चेस्ट असतो म्हणून बेंचला लाईन लागलेली असते, आणि त्या लाईनीत परवाच फी भरून आलेला पोरगा पण उभा असतो, ज्याला अजून रॉड नीट धरता येत नाही, कारण त्याला दिलेल्या चार्टवर सोमवार चेस्ट, मंगळवार बॅक, बुधवार शोल्डर, गुरुवार लेग, शुक्रवार बायसेप-ट्रायसेप, शनिवार ॲब्स असं लिहिलेलं असतं. हे सगळं मी त्या पोरासाठी लिहितोय, आणि पोरींसाठी पण, कारण त्यांना तर बऱ्याचदा चार्टसुद्धा देत नाहीत, ट्रेडमिल दाखवतात आणि सोडून देतात.

मी २१ वर्षांचा असताना पहिल्यांदा जिम लावली. वडील पॉवरलूमवर, घर अशोक चौकाच्या पुढं, वजन ५२ किलो. मला पण हाच सहा दिवसांचा चार्ट मिळाला. आता आपल्याकडं पाण्याचं कसंय सगळ्यांना माहितीय, चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे कधी रात्री, आणि आलं की घरातला तरणा माणूस घरीच लागतो, बॅरल भरा, टाकी भरा, मोटर लावा. म्हणजे आठवड्यातला एखादा दिवस जिम बुडणारच. गुरुवार बुडला की त्या आठवड्यात पाय झालेच नाहीत, पुढच्या आठवड्यात मंगळवार बुडला की पाठ गेली, आणि सोमवार मात्र कधीच चुकायचा नाही कारण रविवारच्या सुट्टीनंतर अंगात जोर असायचा. दहा महिन्यांनी वही काढून मोजलं तर छातीचे दिवस चाळीसच्या आसपास आणि पायाचे पंधरा पण भरले नाहीत. वजन वाढलं ३ किलो. मग जिममधल्याच एका जुन्या माणसानं, जे स्वतः तालमीतून आलेले होते, मला तीन दिवस फुल बॉडी करायला लावलं, आणि पुढच्या आठ महिन्यांत ५५ चा ६२ झालो, स्क्वॅट, म्हणजे रॉड पाठीवर घेऊन मारायची बैठक, रिकाम्या रॉडवरून ७० किलोवर गेला. तेव्हापासून कोणी नवीन माणूस विचारायला आला की मी हेच सांगतो, आणि का सांगतो ते पण समजावून सांगतो, कारण कारण कळल्याशिवाय माणूस टिकत नाही.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या. फुल बॉडी म्हणजे एकाच दिवशी पाय, छाती, पाठ, खांदे सगळ्यांना थोडं थोडं काम, आणि असं आठवड्यातून दोन-तीनदा. स्प्लिट म्हणजे शरीराची वाटणी, आज हे उद्या ते. स्प्लिटमध्ये पण प्रकार आहेत. रोज एकच भाग घेऊन त्याचा भुगा पाडायचा तो एक, जो आपल्याकडं सगळीकडं चालतो. दुसरा अपर-लोअर, म्हणजे एक दिवस कमरेच्या वरचं, एक दिवस खालचं. तिसरा पुश-पुल-लेग, म्हणजे ढकलायचे व्यायाम एका दिवशी, ओढायचे दुसऱ्या दिवशी, पाय तिसऱ्या दिवशी. लोक स्प्लिट म्हणलं की पहिलाच धरून चालतात, आणि माझी तक्रार पण त्याच पहिल्याबद्दल आहे.

आता मसल वाढतो कसा ते बघा. वजन उचललं की त्या स्नायूत नवीन प्रोटीन बांधायचं काम वाढतं, आणि हे काम साधारण एक ते दोन दिवस जोरात चालतं, मग हळूहळू नेहमीच्या पातळीवर येतं. म्हणजे तुम्ही सोमवारी छाती मारली तर बुधवारपर्यंत तिथलं बांधकाम बऱ्यापैकी उरकलेलं असतं, आणि चार्ट म्हणतो आता पुढच्या सोमवारी या. मधले चार-पाच दिवस गवंडी रिकामा बसलेला. बरं त्या एका दिवशी छातीचे १६-१८ सेट (न थांबता सलग मारलेली एक खेप म्हणजे एक सेट) करायला लावतात, त्यातले पहिले सहा-सात चांगले होतात, नंतरचे नुसते हात थरथरत, फॉर्म म्हणजे उचलायची पद्धत मोडत, वजन कमी करत ढकललेले. तेच सेट तीन दिवसांत वाटले असते तर प्रत्येक सेट ताज्या अंगानं झाला असता.

इथं एक गोष्ट खरी सांगायला पाहिजे, कारण फुल बॉडीवाले पण कधीकधी अति करतात. २०१६ साली व्यायामावर संशोधन करणारे ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा आठवड्यातून दोनदा मारलेला मसल एकदा मारलेल्यापेक्षा जास्त वाढतो असं दिसलं. पण २०१९ ला त्यांनीच जास्त अभ्यास घेऊन परत बघितलं तेव्हा असं निघालं की आठवड्याचे एकूण सेट सारखे असतील तर ते किती दिवसांत वाटले यानं फारसा फरक पडत नाही. म्हणजे स्प्लिट काही वाईट नाही. आठवड्याला छातीला चांगले दहा सेट पडले, पाठीला दहा पडले, पायाला दहा पडले की मसल येतो, मग ते कसे पण करा. पण "चांगले" आणि "पडले" हे दोन शब्द नवीन माणसाला सहा दिवसांच्या चार्टवर जमत नाहीत, खरी अडचण तिथं आहे. एक दिवस बुडला की एक भाग पूर्ण गेला, आणि एका दिवसात कोंबलेले सेट चांगले होत नाहीत.

आणखी एक कारण आहे जे मला सगळ्यात मोठं वाटतं. सुरुवातीच्या आठ-दहा आठवड्यांत ताकद वाढते ती बरीचशी मसल वाढून नाही, तर मेंदूला आणि नसांना ती हालचाल जमायला लागते म्हणून. स्क्वॅट ही शिकायची गोष्ट आहे, सायकलसारखी. आठवड्यातून एकदा सायकल चालवून कधी शिकणार? फुल बॉडीत तीच हालचाल दोन आठवड्यांत तीनदा ताज्या अंगानं होते, महिन्याभरात रॉड पाठीवर कसा बसवायचा, श्वास कधी भरायचा, गुडघे कुठं जातात हे अंगाला कळतं. आपल्या तालमीतले पैलवान रोज जोर-बैठका मारतात, त्यात पाय, छाती, खांदे, पाठ सगळंच येतं, बैठकांचा वेगळा गुरुवार कोणी ठेवत नाही. आणि १९४७ चे मिस्टर अमेरिका स्टीव्ह रीव्ह्ज किंवा तीनदा मिस्टर युनिव्हर्स झालेले रेग पार्क, हे लोक फुल बॉडी करूनच तसे झाले होते, सहा दिवसांच्या वाटणीची पद्धत नंतर जोरात आली. ज्यांचे फोटो भिंतीवर लावलेत त्यांनी त्या वाटण्या अनेक वर्षं वजन उचलून झाल्यावर केल्या, फी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही.

आता करायचं काय ते क्रमानं सांगतो.

पायरी १ : दिवस ठरवा, खरे दिवस

तुम्हाला किती दिवस जमावं असं वाटतं ते सोडा, गेल्या महिन्यात किती संध्याकाळी खरंच मोकळ्या होत्या ते बघा. बहुतेकांचं उत्तर तीन येतं. सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार, मध्ये एक दिवस गॅप हवा एवढाच नियम. मी स्वतः मंगळवारवाला क्रम सुचवतो, सोमवारची बेंचची लाईन टळते. पाणी आलं आणि दिवस बुडला तर दुसऱ्या दिवशी जा आणि तिथून एक-एक दिवस पुढं ढकला, काही बिघडत नाही, कारण कुठलाच भाग उपाशी राहत नाही. हाच फुल बॉडीचा मोठा आधार आहे.

माझा मावसभाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, बारा-बारा तास उभं राहायचं काम, त्यात नाईट आली की दिवसाची झोप. त्याला जिमनं सहा दिवसांचा चार्ट दिला आणि तिसऱ्या आठवड्यात त्यानं जिम सोडली, वर घरी सांगितलं की माझ्या अंगात व्यायामाचा दमच नाही. दम होता, वेळ नव्हता. त्याला दोन दिवस फुल बॉडी लावून दिली, सुट्टीचा एक आणि मधला एक, आणि दोन दिवसांत पण त्याचे खांदे भरले. नवीन माणसाला दोन दिवस पुरतात, तीन दिवस मस्त, चौथ्याची गरज पहिल्या सहा महिन्यांत नाही.

पायरी २ : जिम बघताना तीन गोष्टी बघा

एसी, आरसे, गाणी नंतर. स्क्वॅटसाठी स्टँड आहे का, बेंच किमान दोन आहेत का, आणि सव्वा किलोच्या छोट्या प्लेटा आहेत का, एवढं विचारा. छोट्या प्लेटा नसल्या तरी चालतं पण मग पुढं सांगतोय ते रेप (एका सेटमध्ये वजन कितीदा उचललं तो आकडा) वाढवायचं गणित जास्त जपून करावं लागतं. रॉडचं वजन पण विचारून घ्या, मोठा ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो पण आपल्याकडच्या बऱ्याच जिममधले बारीक रॉड त्याच्या निम्मे पण नसतात, आणि हे माहीत नसलं तर वहीतला हिशेबच चुकतो.

ज्यांना शुगर, बीपी, हर्निया, जुनं कमरेचं किंवा गुडघ्याचं दुखणं आहे, किंवा वय चाळिशीच्या पुढं आणि अनेक वर्षांत पळालेलेसुद्धा नाहीत, त्यांनी आधी डॉक्टरला दाखवून या.

पायरी ३ : दोन दिवसांचे व्यायाम लक्षात ठेवा, ए आणि बी

ए दिवस असा. स्क्वॅट ३ सेट, बेंच प्रेस (बेंचवर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलायचा) ३ सेट, सीटेड केबल रो किंवा एका हाताची डंबेल रो (वजन पोटाकडं ओढायचं) ३ सेट, मग बायसेप कर्ल २ सेट आणि पोटऱ्यांचे २ सेट.

बी दिवस असा. रोमानियन डेडलिफ्ट ३ सेट, म्हणजे रॉड मांडीला घासत कंबर मागं ढकलून गुडघ्याच्या थोडं खाली न्यायचा आणि परत उभं राहायचं, पाठ सरळच. मग उभं राहून खांद्यावरून डोक्यावर रॉड ढकलायचा तो ओव्हरहेड प्रेस ३ सेट, लॅट पुलडाऊन (मशीनचा वरचा दांडा छातीकडं खाली ओढायचा) ३ सेट, लंजेस (एक पाय पुढं टाकून गुडघे वाकवत खाली जायचं) २ सेट आणि शेवटी पुशअप २ सेट.

एक आठवडा ए-बी-ए, पुढचा बी-ए-बी. झालं. बघा की यात पाठीला प्रत्येक आठवड्यात ९ सेट पडतात, छातीला बेंच आणि पुशअप धरून ७-८, मांडीच्या पुढच्या बाजूला स्क्वॅट आणि लंजेस धरून तेवढेच, खांद्यांना बेंचमधून पण काम मिळतं. नवीन माणसाला एवढं भरपूर आहे. एका दिवसाला १३ सेट, मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं आराम घ्या, छोट्यांत एक-दीड मिनिट, वॉर्मअप धरून तास भरात घरी. दोन तास जिममध्ये काढणारे बरेच जण तासभर मोबाईलवर असतात.

पोरं लगेच विचारतात की बायसेपला नुसते दोन सेट? अरे रो आणि पुलडाऊनमध्ये बायसेपच ओढतोय, बेंच आणि ओव्हरहेडमध्ये ट्रायसेप ढकलतोय. ५५ किलोच्या पोराचा दंड कर्ल मारून मारून नाही वाढत, अख्खं अंग वाढलं की दंड वाढतो. तीन महिन्यांनी वाटलं तर कर्लचे आणि ट्रायसेपचे दोन-दोन सेट आणखी घाला, त्याला माझी ना नाही.

माझ्या बहिणीनं हाच चार्ट केला, फक्त पुशअप बेंचवर हात टेकवून. तिला बायकांनी घाबरवलं होतं की वजन उचललं तर पुरुषासारखं अंग होतं. तसं होत नाही. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषापेक्षा खूपच कमी असतं, वर्षभर उचललं तरी अंग घट्ट होतं, कंबर दुखायची थांबते, गॅसची टाकी सरकवायला कोणाला हाक मारावी लागत नाही. पोरींनी वेगळा चार्ट शोधत बसू नका.

पायरी ४ : वजन कसं निवडायचं आणि कसं वाढवायचं

ही पायरी हळू वाचा, कारण फुल बॉडी का स्प्लिट हा वाद याच्यापुढं छोटा आहे. चार्ट कुठलाही असू दे, वजन किंवा रेप वाढत नसेल तर मसल येणार नाही.

पहिले दोन आठवडे रिकामा रॉड किंवा अगदी हलकं. मन मानणार नाही, बाजूचा ८० किलो मारत असतो, पण हे दोन आठवडे फॉर्मचे आहेत. जिममध्ये कोणी जाणकार असेल तर सरळ म्हणा, दादा माझा एक सेट बघा की, बहुतेक लोक आनंदानं बघतात. नाहीतर मोबाईल बाटलीला टेकवून बाजूनं शूट करा. स्क्वॅटमध्ये टाच उचलतेय का, डेडलिफ्टमध्ये पाठीचा कणा वाकतोय का, बेंचमध्ये रॉड छातीवर आदळतोय का एवढं तपासा.

तिसऱ्या आठवड्यापासून असं वजन घ्या की ज्यानं ८ रेप नीट निघतात आणि सेट संपल्यावर वाटतं की अजून दोन-तीन निघाल्या असत्या. ते वजन धरून ठेवा आणि दर वेळी रेप वाढवायचा प्रयत्न करा. उदाहरण घेऊ. बेंचला ३० किलो लावलं, तीन सेटमध्ये ९, ८, ८ निघाल्या. पुढच्या वेळी १०, ९, ८. त्याच्या पुढं १०, १०, ९. असं करत करत ज्या दिवशी तिन्ही सेटमध्ये १२ झाल्या, त्या दिवशी वहीत गोल करा आणि पुढच्या वेळी ३२.५ लावा. रेप परत आठ-नऊवर येतील, ते बरोबर आहे, परत वर चढायचं. छोट्या प्लेटा नसतील आणि एकदम ५ किलोच वाढवावं लागत असेल तर १२ च्या ऐवजी १४-१५ पर्यंत नेऊन मग वाढवा.

पायांत वजन भराभर वाढतं, ओव्हरहेड प्रेसमध्ये लई हळू वाढतं, एकेका वजनावर महिना पण जातो, नाराज होऊ नका. दोन-तीन आठवडे काहीच हललं नाही तर आधी झोप आणि जेवण बघा, मग त्या व्यायामाचं वजन दहा टक्के कमी करून परत वर या. आणि प्रत्येक सेट मरेपर्यंत मारू नका, विशेषतः स्क्वॅट आणि बेंच. फुल बॉडीत परवा परत तेच अंग वापरायचंय. कर्लला, पुशअपला शेवटच्या सेटमध्ये संपेपर्यंत मारलं तर चालतं.

पायरी ५ : वही

दहा-वीस रुपयांची वही, तारीख, व्यायाम, वजन, रेप. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालतं पण मोबाईल हातात आला की रील सुरू होतं. मागच्या वेळी काय केलं हे माहीत नसेल तर आज काय करायचं हे कळणार कसं?

पायरी ६ : खाणं, आपल्या घरातलंच

माझ्याकडं येणारी निम्मी पोरं चार्टबद्दल विचारतात आणि जेवणाबद्दल काहीच नाही, तिथंच गाडी अडते. मसल वाढवायला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागं साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरा. ६० किलोच्या माणसाला ९६, सोपं म्हणून १०० ग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण सोलापूरच्या स्वयंपाकघरात बघा.

चार अंडी, २४ ग्रॅम. सोयाबीन वड्या कोरड्या ५० ग्रॅम, म्हणजे २६ ग्रॅम, आणि एवढं स्वस्त प्रोटीन दुसरं नाही, आमटीत घाला नाहीतर कांदा-लसणात परतून भाकरीबरोबर खा. अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. डाळ किंवा मटकीच्या दोन वाट्या, १४ च्या आसपास. ज्वारीच्या तीन भाकरी, १८ च्या आसपास, भाकरीला लोक उगीच हलकं समजतात. आणि आपली शेंगा चटणी, ३० ग्रॅम खाल्ली तर ७ ग्रॅम. बेरीज करा, शंभरच्या वर गेली. कुठला डबा विकत आणला नाही. अंडी चालत नसतील तर पनीर, दही, जास्त डाळ, जास्त सोया. मटण-चिकन खाणाऱ्यांना तर आणखी सोपं, फक्त रश्शावर भागवू नका, पीस खा.

शेंगांबद्दल एक सांगतो, १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण साडेपाचशेच्या वर कॅलरी पण असतात. जो सुकडा आहे आणि वजन वाढवायचंय त्याच्यासाठी हे वरदान आहे, रोज मूठभर शेंगदाणे, गूळ, कडक भाकरी चटणी चुरून दुधात नाहीतर दह्यात, महिन्याला किलोभर वजन चढतं. ज्याचं पोट सुटलंय त्यानं मात्र चटणी चमचा मोजून घ्यावी. वजन वाढवायचं असेल तर आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी काटा बघा, महिन्यात अर्धा ते एक किलो वाढलं तर बरोबर चाललंय, काहीच वाढलं नाही तर रोज एक भाकरी आणि एक ग्लास दूध वाढवा.

पावडर घेतलीच पाहिजे असं काही नाही, ती दुधाचंच प्रोटीन आहे. क्रिएटिन मोनोहायड्रेट दिवसाला ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर थोडी मदत होते, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आणि कोणी कानात येऊन इंजेक्शनबद्दल, गोळ्यांबद्दल बोलायला लागला तर त्या माणसापासून लांब राहा. मी यात बरबाद झालेली पोरं बघितलीत, वय बावीस-तेवीस, याच्यावर मी हसून बोलू शकत नाही.

पायरी ७ : झोप, ऊन आणि दुखणं

सात-आठ तास झोप. नाईट शिफ्टवाल्यांनी दिवसा खिडकीला आपली सोलापुरी चादर लावा, जाड असते, अंधार होतो, आणि पंख्याखाली सलग झोपा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, आणि बऱ्याच जिमवर पत्रे आहेत. त्या दिवसांत पहाटे जा, संध्याकाळी पत्रा तापलेला असतो. पाण्याच्या बाटलीत लिंबू, मीठ, थोडी साखर. वजन थोडं कमी निघालं तर निघू दे, उन्हाळ्यात रेकॉर्ड करायला जाऊ नका, चक्कर आली तर तिथंच थांबा.

पहिल्या आठवड्यात अंग दुखणार, साधारण दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, जिना उतरताना मांड्या ओरडतात. हे दुखणं दोन-तीन दिवसांत जातं आणि फुल बॉडीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जवळजवळ बंदच होतं. दुखलं नाही म्हणजे व्यायाम झाला नाही असं नसतं, दुखणं हे वाढीचं माप नाही, वहीतला आकडा हे माप आहे. पण सांध्यात टोचल्यासारखं, कळ गेल्यासारखं, किंवा पायात मुंग्या येत असतील तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवून घ्या. आणि एक गोष्ट घरच्यांना पण सांगून ठेवा, पहिल्याच दिवशी कोणी अति मारून घेतलं, अंग सुजलं आणि लघवी कोलासारखी गडद झाली, तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. स्नायू फुटून किडनीवर ताण आल्याचं ते लक्षण असतं. म्हणून तर पहिले दोन आठवडे हलकं म्हणतोय.

जानेवारीत सिद्धेश्वरची गड्डा यात्रा, मग लग्नसराई, गणपती, आषाढीला घरात पाहुणे, असे आठवडे बुडतात आणि बुडू द्यावेत. आठवडा बुडला तर परत आल्यावर तेच वजन, फक्त एक सेट कमी. तीन आठवडे बुडाले तर वजन दहा-वीस टक्के कमी करून सुरू करा, पंधरा दिवसांत मूळ जागेवर येता. मसल तेवढ्यात पळून जात नाही.

पायरी ८ : मग स्प्लिटला कधी जायचं

आता ज्यांनी सहा महिने, वर्षभर हे मन लावून केलं त्यांच्यासाठी. एक दिवस असा येतो की फुल बॉडी अंगावर यायला लागते. स्क्वॅट स्वतःच्या वजनाच्या पुढं गेला की तीन सेटनंतरच फेस येतो आणि मग बेंचला जोर उरत नाही. वजन जास्त म्हणून वॉर्मअपचे सेट वाढतात, आराम वाढतो, तासाचं काम दीड तासावर जातं. मागं राहिलेल्या भागाला, समजा पाठीला, १२-१४ सेट द्यावेत असं वाटतं पण जागाच नाही. ही लक्षणं दिसली आणि आठवड्यातले चार दिवस नक्की मिळणार असतील, तर वाटणी करायची वेळ आली. यातलं काहीच नसेल, वजन अजून वाढतंय, तर चाललंय ते मोडू नका, दोन वर्षं फुल बॉडी केली तरी काही बिघडत नाही. चौथा दिवस मिळत नसेल तरी फुल बॉडीच ठेवा, आणि ज्या दिवशी बेंच महत्त्वाचा त्या दिवशी बेंच आधी, स्क्वॅट नंतर, एवढा बदल करा.

वाटणी करताना एकदम त्या सहा दिवसांच्या चार्टवर उडी मारू नका. अपर-लोअर घ्या. सोमवार अपर, मंगळवार लोअर, बुधवार सुट्टी, गुरुवार अपर, शुक्रवार लोअर. प्रत्येक भाग आठवड्यातून दोनदा येतोच, आणि एका दिवसात छातीला पाच-सहा सेट देता येतात. व्यायाम तेच ठेवा जे शिकलात, फक्त एक-दोन वाढवा, अपरला इन्क्लाईन डंबेल प्रेस (तिरक्या बेंचवर डंबेल ढकलायचे) आणि साईड रेज (डंबेल बाजूला खांद्यापर्यंत उचलायचे), लोअरला लेग कर्ल (मशीनवर गुडघ्यातून पाय दुमडायचा). पुश-पुल-लेग सहा दिवस करायचं ते त्याच्याही पुढं, ज्याचं काम, झोप, जेवण सगळं जागेवर आहे त्यानं. तीन दिवस पुश-पुल-लेग करणाऱ्यांनी लक्षात ठेवा की मग प्रत्येक भाग परत आठवड्यातून एकदाच येतो, म्हणजे फिरून सोमवारच्या चेस्टवरच आलो.

बदल केल्यावर पहिल्या महिन्यात वजन वाढवायची घाई नको, कारण सेट वाढलेत, अंगाला सवय व्हायला पाहिजे. आणि मंगळवारी पाणी आलं तर लोअर बुधवारी करा, गुरुवारचं अपर जागेवर ठेवा, आणि शुक्रवारचं लोअर शनिवारी ढकला.